बेसबॉल: टीम गावाची की मालकाची?

मेरिटकाठचा

२०२५ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड कोलिझियमवर मेजर लीग क्रिकेट झालं. पहिल्याच मॅचला फिन अ‍ॅलनने १९ सिक्स ठोकत ५१ बॉलमध्ये १५१ काढले आणि बे एरियातल्या आमच्या मराठी ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. समोर वॉशिंग्टन, म्हणजे आपल्या सौरभ नेत्रावळकरची टीम, त्यामुळे निम्मी जनता पाहुण्यांच्या बाजूने. मजा आली, नाही कशाला म्हणू. पण एवढं मोठं ग्राउंड क्रिकेटला मोकळं कसं काय सापडलं हे कुणी विचारलं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

मोकळं होतं कारण तिथली बेसबॉलची टीम गाव सोडून गेली. ओकलंड अ‍ॅथलेटिक्स, लाडाने ए'ज. १९६८ ला कॅन्सस सिटीहून आले (त्याआधी फिलाडेल्फिया, म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घ्यायची सवय जुनीच), १९७२, ७३, ७४ सलग तीन वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, जिंकले. १९८९ ला खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सशी फायनल चालू होती आणि तिसरी मॅच सुरू व्हायच्या जरा आधी भूकंप झाला, बे ब्रिजचा एक तुकडा खाली आला, साठच्या वर माणसं गेली. दहा दिवस सगळं बंद, मग सिरीज परत सुरू केली आणि ए'जनी ४-० ने निकाल लावला. इथल्या पन्नाशीच्या कुठल्याही माणसाला ते संध्याकाळचे पाच वाजून चार मिनिटं विचारा, कुठे उभा होता ते सांगेल.

मग शेवटची वर्षं. मालक जॉन फिशर, गॅप कंपनीच्या संस्थापकांचा मुलगा, म्हणजे पैशाची ददात नाही. तरी चांगले प्लेअर एकेक करून विकले, पगाराचं बजेट लीगमध्ये सगळ्यात कमी, तिकिटं मात्र महाग, आणि वर बोंब अशी की लोकच येत नाहीत. २०२३ ला टीम ११२ मॅच हरली. तेव्हा फॅन्सनी उलटा बहिष्कार काढला. १३ जून २०२३, मंगळवार, टॅम्पा बे विरुद्ध मॅच. ठरवून यायचं, ग्राउंड भरायचं, दाखवून द्यायचं की लोक आहेत. एरवी जेमतेम चार-पाच हजार टाळकी दिसायची तिथे २७,७५९. सगळ्यांच्या अंगात एकच हिरवा टीशर्ट, छातीवर एकच शब्द, सेल, म्हणजे बाबा रे विकून टाक. पाचव्या इनिंगला पहिला बॅटर आला तेव्हा सगळं स्टेडियम मुद्दाम चिडीचूप, बॉल ग्लोव्हमध्ये पडल्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत येत होता, आणि तो बॅटर संपल्यावर जो काय गलका झाला! मॅच पण जिंकली २-१. त्याच आठवड्यात नेवाडाच्या विधिमंडळाने लास वेगासच्या नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलर सरकारी पैसा मंजूर केला.

शेवटची मॅच २६ सप्टेंबर २०२४. ४६,८८९ लोक. पहिला बॉल टाकायला रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्टुअर्ट, ए'जचे जुने स्टार, दोघंही ओकलंडमध्येच वाढलेले. टेक्सासला ३-२ हरवलं. रिकी त्याच डिसेंबरमध्ये गेला.

टीम आता सॅक्रामेंटोजवळ चौदा हजारांच्या छोट्या ग्राउंडवर खेळते, नावात गावच नाही, नुसतं अ‍ॅथलेटिक्स, २०२८ ला वेगासला जायचं म्हणे. माझं मत सरळ आहे, टीम कागदोपत्री मालकाची असेल पण तिची किंमत गावाने वाढवलेली असते, तेव्हा गावाला निदान नाही म्हणायचा हक्क हवा. बोला.

पेठेतला_पंच

धागा आवडला. बेसबॉल आपल्याला दुरूनच माहीत, तरी एक भाबडा प्रश्न. लीग थांबवू शकत नाही का? आणि सरकार? आपल्याकडे मुंबईची रणजी टीम कुणी उचलून इंदूरला नेली तर किती बोंबाबोंब होईल.

मेरिटकाठचा

पंच, लीग म्हणजेच मालक हो. तीस टीम, तीस मालक, त्यांचाच क्लब. नोव्हेंबर २०२३ ला स्थलांतराला मत घेतलं तर ३० विरुद्ध शून्य. उद्या आपल्यावर पण अशी वेळ येईल हे प्रत्येकाला माहीत असतं ना, मग कोण कशाला हात आखडेल.

सरकारचं म्हणाल तर १९२२ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवून टाकलंय की मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागू नाही. बास्केटबॉलला लागू, फुटबॉलला लागू, बेसबॉलला नाही! शंभर वर्षं झाली, थोडीफार डागडुजी झाली पण मूळ गोष्ट तशीच. आणि यात पण ओकलंड आहेच. कर्ट फ्लड नावाचा प्लेअर, ओकलंडमध्येच वाढलेला, सेंट लुइसकडून खेळायचा. १९६९ ला त्याला न विचारता फिलाडेल्फियाला ट्रेड केलं. तेव्हा नियम असा की टीमने एकदा घेतलं की तुम्ही जन्मभर त्यांचे, सोडायचं त्यांनीच. याने जायला नकार दिला, कोर्टात गेला, १९७२ ला सुप्रीम कोर्टात हरला, करिअर गेलं ते गेलं. पण दार किलकिलं झालं होतं, १९७५ च्या शेवटी लवादाने दोन पिचर्सच्या (पिचर म्हणजे आपला बॉलर) बाजूने निकाल दिला आणि प्लेअर मोकळे झाले. आज जे सत्तर कोटी डॉलरचे करार ऐकतो त्याची सुरुवात तिथून आहे.

म्हणजे प्लेअर सुटला, गाव नाही सुटलं.

बंट_आणि_बटाटावडा

जरा दुसरी बाजू मांडतो, लगेच अंगावर येऊ नका. ते कोलिझियम कुणी आतून बघितलंय का? २०१३ ला सांडपाणी उलटून लॉकर रूममध्ये आलं होतं, पाहुण्यांच्या कॉमेंटरी बॉक्समध्ये पॉसम नावाचा प्राणी बिऱ्हाड करून राहिला होता. १९६६ ची काँक्रीटची वाटी ती. महापालिकेशी बंदराजवळच्या जागेची बोलणी वर्षानुवर्षं चालली, तुटली. धंदा करणारा माणूस किती थांबणार? शिवाय ओकलंडचे बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९ ला खाडीपलीकडे गेले, अमेरिकन फुटबॉलचे रेडर्स २०२० ला वेगासला गेले. तिन्ही टीम गेल्या म्हणजे दोष फक्त मालकांचा कसा काय?

मेरिटकाठचा

पॉसमचं खरंय, फॅन्सनी त्याचं पण कौतुक केलं होतं. पण सार्वजनिक पैशातून स्टेडियम बांधलं की गावाची भरभराट होते हे अर्थशास्त्रज्ञांना विचारा, फार थोडे हो म्हणतील. पैसा तोच, लोक सिनेमाऐवजी मॅचला खर्च करतात, एवढंच. ओकलंडने नाही म्हटलं म्हणून त्यांना नाठाळ म्हणायचं आणि नेवाडाने दिलं म्हणून शहाणं, हे मला पटत नाही.

विंडीसिटी_वैशाली

वाचतेय. आमच्याकडची गोष्ट सांगते, कारण हक्क वगैरे कायद्यात काही सापडणार नाही पण माणसं काय करतात ते सांगता येतं.

२०१६. शिकागो कब्स १९०८ नंतर जिंकलेले नाहीत, १०८ वर्षं. १९४५ ला एका हॉटेलवाल्याला त्याच्या बोकडासकट स्टेडियमबाहेर काढलं आणि त्याने शाप दिला अशी दंतकथा, सगळं शिकागो हसत हसत ती सांगतं आणि आतून मानतं. क्लीव्हलँडशी फायनल, १-३ ने मागे, मग ३-३, सातवी मॅच, आठव्या इनिंगला आघाडी घालवली, नऊ इनिंग झाल्या तेव्हा ६-६ आणि पाऊस. सतरा मिनिटं खेळ थांबला. आमच्या बिल्डिंगमधला अख्खा मजला एका घरात, कुणी बोलत नाही, एक आजी जपमाळ घेऊन बसलेल्या (मी पण मनात अथर्वशीर्ष, काय करणार). दहाव्या इनिंगला ८-७.

पण खरी गोष्ट रिग्ली फील्डच्या, म्हणजे कब्सच्या स्टेडियमच्या, बाहेरच्या भिंतीची. त्या दिवसांत लोक खडू घेऊन येत होते आणि विटांवर नावं लिहीत होते. स्वतःची नाही. वडिलांची, आजोबांची, शेजारच्या काकांची, जे बघायला राहिले नाहीत त्यांची. रंगीत खडू, पोराटोरांना खांद्यावर घेऊन उंच जागा शोधत होते कारण खालच्या विटा भरून गेल्या होत्या. कुणीतरी खडूचे डबे तसेच ठेवून जायचं पुढच्यासाठी. मी भारतात वाढलेली, माझं कुणी कब्स फॅन नव्हतं, तरी त्या भिंतीपाशी उभं राहून वाचत बसले किती वेळ.

आता ही भिंत पण मालकाचीच की. कुणी हटकलं नाही.

फेनवेचा_फडके

वैशालीताई, बॉस्टनला २००४ ला हेच झालं, लोक थडग्यांवर झेंडे ठेवून आले. ८६ वर्षं. बेब रूथ न्यूयॉर्क यांकीजना विकला तेव्हापासूनचा शाप. आणि जिंकलो कसे, तर सेमीफायनलला यांकीजशीच ०-३ मागे, चौथी मॅच नवव्या इनिंगला हरत आलेली, डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला (म्हणजे फटक्याची वाट न बघता पळत गाठला), सगळ्या जगाला माहीत होतं हा पळणार तरी पळाला आणि सेफ. तिथून आठ मॅच सलग. बेसबॉलच्या इतिहासात ०-३ वरून कुणी परत आलेलं नव्हतं. तोच रॉबर्ट्स आता लॉस एंजेलिस डॉजर्सचा मॅनेजर.

पण शापाच्या गोष्टीत आम्ही लोक एक सोयीस्करपणे विसरतो. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, काळ्या प्लेअरना दार बंद होतं ते मोडून जॅकी रॉबिन्सन १९४७ ला आला, आणि आमच्या बॉस्टनच्या रेड सॉक्सने पहिला काळा प्लेअर घेतला १९५९ ला, सगळ्यात शेवटी. बारा वर्षं विली मेजसारखी माणसं नको म्हणायची आणि मग बेब रूथच्या नावाने खडे फोडायचे.

स्लो_पिच

+१ फडके.

मेजर लीगमध्ये आता अमेरिकन काळ्या प्लेअरचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आलंय, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अठराच्या आसपास होतं. ओकलंडचं एक मॅक्लायमंड्स हायस्कूल घ्या, फ्रँक रॉबिन्सन तिथला, व्हेडा पिन्सन तिथला, वर आलेला कर्ट फ्लड तिथला. एका गरीब वस्तीतली एक शाळा. आज तशी शाळा सापडणं कठीण, कारण पोरगा चांगला निघायचा तर प्रायव्हेट क्लब, गावोगावच्या टूर्नामेंटा, प्रायव्हेट कोच, हजारो डॉलर वर्षाला. ज्यांना परवडतं त्यांची पोरं खेळतात.

आणि दुसरीकडे टीम डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अ‍ॅकॅडमी काढून बसल्यात, सोळाव्या वर्षी पोरांना साइन करतात, त्यांना तिथे स्वस्त पडतं. त्यातले बहुतेक वर पोचतच नाहीत. वर पोचलेले दिसतात, बाकीचे कुठे जातात?

२०२४ ला मेजर लीगने जुन्या निग्रो लीगचे, म्हणजे काळ्या प्लेअरच्या वेगळ्या लीगचे, आकडे अधिकृत धरले. तिथला जॉश गिब्सन .३७२ च्या बॅटिंग सरासरीने टाय कॉबच्या वर, सर्वकालीन पहिला. माणूस १९४७ च्या जानेवारीत गेला, रॉबिन्सन मैदानात उतरायच्या तीन महिने आधी.

पेठेतला_पंच

हे माहीत नव्हतं. बरं आता एक सांगा, ते स्टेरॉइडचं प्रकरण नक्की काय? होमरनवाले सगळे बाद का केले?

एडिसनचे_अण्णा

हे मी सांगतो, मी तेव्हा नवीन नवीन आलो होतो. पण सुरुवात स्टेरॉइडपासून नाही होत, संपापासून होते.

१२ ऑगस्ट १९९४. मालकांना पगारावर कमाल मर्यादा हवी, प्लेअरना नको, संप. ९४८ मॅच गेल्या आणि वर्ल्ड सिरीजच रद्द, १९०४ नंतर पहिल्यांदा. दोन महायुद्धांत झाली होती हो, पण पैशाच्या भांडणात नाही झाली. त्या वर्षी सगळ्यात पुढे कोण होतं माहितेय, माँट्रियल एक्स्पोज, ७४ जिंकलेल्या ४० हरलेल्या. ते पथक त्यातून पुन्हा उभंच राहिलं नाही, २००५ ला वॉशिंग्टनला नेलं. म्हणजे ओकलंडचा थोरला भाऊ म्हणायला हरकत नाही. संप २३२ दिवस चालला आणि मिटला कुणामुळे, तर न्यूयॉर्कच्या एका जिल्हा न्यायाधीशबाईंनी मालकांविरुद्ध मनाई हुकूम दिला त्यामुळे. सोनिया सोटोमायोर. आता त्या सुप्रीम कोर्टात आहेत.

लोक भयंकर चिडले होते. परत आल्यावर स्टेडियमं रिकामी, कुणी ग्राउंडवर सुट्टे पैसे फेकतंय. मग १९९५ च्या सप्टेंबरात कॅल रिपकेन सलग २,१३१ वी मॅच खेळला, लू गेरिगचा विक्रम मोडला, खेळ थांबवून त्याने सगळ्या स्टेडियमला चक्कर मारून लोकांशी हात मिळवले, तिथे थोडा राग निवळला. आणि १९९८ ला मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा. रोजर मॅरिसचा ६१ होमरनचा १९६१ चा विक्रम दोघंही मोडायला निघालेले. ऑफिसात सकाळी पहिला प्रश्न काल कुणी मारला. मॅग्वायर ७०, सोसा ६६. माझे अमेरिकन बॉस रडले होते मॅग्वायरच्या ६२ व्याला.

त्याच ऑगस्टमध्ये एका पत्रकाराला मॅग्वायरच्या लॉकरमध्ये औषधाची बाटली दिसली, त्याने छापलं. तर शिव्या कुणाला पडल्या? पत्रकाराला! बेसबॉलमध्ये तेव्हा त्या औषधावर बंदी नव्हती, ते खरं, पण मुळात कुणाला बघायचंच नव्हतं. धंदा परत बसला होता. चाचणी आणि शिक्षा असं काहीतरी धड सुरू व्हायला २००४ उजाडलं.

बंट_आणि_बटाटावडा

अण्णा, भारी लिहिलंत. पुढचं मी. बॅरी बाँड्स २००१ ला ७३, आणि २००७ ला ७५६ वा, हँक अ‍ॅरनच्या पुढे. तो बॉल एका फॅशन डिझायनरने साडेसात लाख डॉलरला घेतला आणि इंटरनेटवर लोकांना विचारलं याचं काय करू. लोकांनी सांगितलं त्यावर फुलीसारखी चांदणी उमटव, विक्रमाला टीप लागते तशी, आणि म्युझियमला पाठव. तसाच पाठवला, कूपर्सटाउनला आहे. बॉल हॉल ऑफ फेमच्या इमारतीत, आणि बाँड्स बाहेर. दहा वर्षं मतदान झालं, शेवटच्या वर्षी, २०२२ ला, ६६ टक्के मिळाली, लागतात ७५.

मी जायंट्सवाला, म्हणजे बाँड्सच्याच टीमचा, मला विचाराल तर हा निव्वळ ढोंगीपणा आहे. ज्या कमिशनरच्या काळात हे सगळं झालं तो बड सेलिग हॉल ऑफ फेममध्ये आहे. पैसे मोजताना चालत होतं.

विंडीसिटी_वैशाली

बंट, सेलिगचं पटलं. बाकी नाही पटलं. ज्यांनी घेतलं नाही त्यांचं काय? ट्रिपल ए मध्ये, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खाली, सडलेला एखादा साधा प्लेअर, ज्याची जागा कुणीतरी सुई टोचून घेतली, त्याचं नाव पण आपल्याला माहीत नाही.

आकडेमोड

मला वाटलं होतं माझा विषय येणार नाही, पण ओकलंड म्हटलं की ए'जचा जनरल मॅनेजर बिली बीन आलाच पाहिजे. २००२, ए'जचं पगाराचं बजेट चार कोटी डॉलरच्या आसपास, यांकीजचं साडेबारा कोटी. तीन मोठे प्लेअर सोडून गेलेले. बीनने स्काउट मंडळींचं, म्हणजे पोरगा दिसतो कसा पळतो कसा हे बघणाऱ्यांचं, ऐकणं सोडलं आणि आकडे बघितले. बॅटिंग अ‍ॅव्हरेजला सगळे भाव देत होते, पण बेसवर पोचतो किती वेळा याला बाजारात भावच नव्हता, म्हणजे चार वाइड बॉल सोडून निवांत चालत पहिल्या बेसवर जाणारा माणूस स्वस्तात मिळायचा. असे गोळा केले. सलग २० मॅच जिंकले, यांकीजइतक्याच १०३ मॅच जिंकून सीझन संपवला. वर्ल्ड सिरीजला नाही पोचले ते सोडा.

पण मग काय झालं? श्रीमंतांनी पण तेच शिकून घेतलं. रेड सॉक्स, कब्स, डॉजर्स सगळ्यांकडे पीएचडीवाल्यांची फौज. आणि आकड्यांनी सांगितलं की होमरन मारा नाहीतर बाद व्हा, मधलं काही परवडत नाही, बेस चोरू नका, पिचर दर दोन इनिंगला बदला. खेळ हुशार झाला आणि बघायला भिकार झाला. २०२२ ला सरासरी मॅच तीन तास चार मिनिटं, त्यातला निम्मा वेळ बॅटर ग्लोव्हचा वेल्क्रो उघडतोय आणि लावतोय.

२०२३ ला घड्याळ लावलं. बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत बॉल टाकायचा, बेस मोठे केले, फिल्डर एका बाजूला गोळा करायला बंदी. एका वर्षात मॅच दोन तास चाळीस मिनिटांवर, बेस चोऱ्या साधारण अडीच हजारांवरून साडेतीन हजारांवर. रिकी हेंडरसनने एकट्याने १९८२ ला १३० चोरले होते, ओकलंडकडून.

ह्यूस्टनचा कचऱ्याचा डबा पण याच आकडेवेडाचा नातू आहे. २०१७ ला चँपियन झाले, सेंटर फील्डच्या कॅमेऱ्यावरून समोरच्या कॅचरच्या (आपला विकेटकीपर) पिचरला केलेल्या खुणा चोरायचे आणि डगआउटमागे कचऱ्याच्या डब्यावर बॅट आपटून आपल्या बॅटरला कळवायचे, आवाज आला तर स्लो बॉल. लीगची सगळ्यात श्रीमंत तंत्रज्ञानवाली टीम आणि शेवटचं टोक कचऱ्याचा डबा! फोडलं कुणी, तर माइक फायर्स, आधी ह्यूस्टनचा आणि तेव्हा ओकलंडचा पिचर. पन्नास लाख डॉलर दंड, मॅनेजर आणि जनरल मॅनेजर वर्षभर निलंबित, एकाही प्लेअरला शिक्षा नाही, कप त्यांच्याकडेच.

ओसाकाची_ओवी

उशिरा आले पण मेरिटकाठचा यांच्या मूळ प्रश्नाला एक खरंखुरं उत्तर माझ्याकडे आहे, जपानचं.

इथे टीमला गावाचं नाव असेलच असं नाही, कंपनीचं असतं. हानशिन ही रेल्वे, योमिउरी हे वर्तमानपत्र. म्हणजे मालक कोण हे नावातच. तरी माझ्या सासूबाईंना सांगून बघा की हानशिन टायगर्स रेल्वे कंपनीची आहे, घरात घेणार नाहीत. १९८५ ला टायगर्स जिंकले तेव्हा लोकांनी दोतोनबोरीच्या कालव्यात केएफसीच्या कर्नलचा पुतळा टाकला (टीममधल्या एका दाढीवाल्या अमेरिकन प्लेअरसारखा दिसतो म्हणून), आणि त्यानंतर टीम जिंकेचना, तर दोष कर्नलचा. २००९ ला पुतळा चिखलातून वर काढला, त्यानंतर पण चौदा वर्षं लागली, २०२३ ला जिंकले. पोलिसांचा बंदोबस्त असूनही लोकांनी कालव्यात उड्या मारल्याच.

आता मुद्दा. २००४ ला किंतेत्सु बफेलोज ही इथलीच टीम तोट्यात होती म्हणून ऑरिक्समध्ये विलीन करायचं मालकांनी परस्पर ठरवलं, पुढे टीम आणखी कमी करून एकच लीग करायचा विचार होता. फॅन्सनी सह्या गोळा केल्या, प्लेअर्सच्या युनियनचा अध्यक्ष फुरुता, तो स्वतः कॅचर, रात्री मॅच खेळायचा आणि दिवसा वाटाघाटी. सप्टेंबरमध्ये जपानी बेसबॉलच्या इतिहासातला पहिला संप झाला, दोन दिवसांचा, शनिवार-रविवार. प्लेअर घरी गेले नाहीत, स्टेडियमबाहेर बसून पोरांना सह्या देत होते. आणि लोक प्लेअर्सच्या बाजूने! अण्णांनी सांगितलेल्या १९९४ च्या बरोब्बर उलट, कारण संप पगारासाठी नव्हताच.

बफेलोज नाही वाचले. पण मालकांना नवीन टीम घ्यावी लागली, राकुतेन ईगल्स, सेंदाईला. २०११ ला त्याच भागात त्सुनामी आली. २०१३ ला त्याच टीमने जपान सिरीज जिंकली, तनाका नावाचा पिचर त्या सीझनला २४-०. सेंदाईची माणसं त्या वर्षाबद्दल कसं बोलतात ते ऐकायला पाहिजे.

ओहतानीबद्दल काहीच नाही लिहिलं कुणी? इथे सकाळी दात घासताना डॉजर्स लावलेले असतात.

पेठेतला_पंच

ओवी, हे कमाल आहे. ओहतानी म्हणजे तोच ना जो बॅटिंग पण करतो आणि बॉलिंग पण? आपल्याकडे त्यात काय एवढं वाटतं.

आकडेमोड

पंच, बेसबॉलमध्ये बेब रूथनंतर हे कुणी धड केलंच नाही, शंभर वर्षांचं अंतर आहे. २०२४ ला ५४ होमरन आणि ५९ बेस चोरले, हे तर कोपराच्या ऑपरेशनमुळे पिचिंग बंद असताना. १७ ऑक्टोबर २०२५ ला मिलवॉकीविरुद्ध एकाच मॅचमध्ये सहा इनिंग टाकून १० जण स्ट्राइकआउट आणि स्वतः तीन होमरन. फायनलचं तिकीट देणारी मॅच हो, गल्लीतली नाही. करार दहा वर्षं सत्तर कोटी डॉलर, पण वर्षाला फक्त वीस लाख घेतो, बाकी अडुसष्ट कोटी नंतर घेणार, म्हणजे डॉजर्सना आत्ता बाकीचे घ्यायला मोकळीक.

एडिसनचे_अण्णा

आणि तिथेच पुढचं भांडण शिजतंय. डॉजर्स २०२४ ला जिंकले, २०२५ ला टोरोंटोला सातव्या मॅचमध्ये अकराव्या इनिंगला हरवून परत जिंकले. बाकीचे मालक म्हणतायत पगाराला मर्यादा आणा. प्लेअर्सबरोबरचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय. मला १९९४ चा वास येतोय. ज्या मालकाने ओकलंडमध्ये सगळ्यात कमी पगार दिले त्याचंच मत उद्या मर्यादेच्या बाजूने मोजलं जाणार, गंमत बघा.

बंट_आणि_बटाटावडा

मर्यादेबरोबर किमान पण ठेवा म्हणजे झालं. काहीच खर्च न करता टीव्हीचे पैसे वाटून घेणाऱ्यांचं काय.

(अवांतर: दुबईच्या बेसबॉल युनायटेड लीगमध्ये मुंबई कोब्राज नावाची टीम आहे, समोर कराची मोनार्क्स. मुंबईत ग्राउंड नाही, मुंबईत मॅच नाही, नाव मुंबईचं. टीम गावाची की मालकाची याचं हे तिसरंच उत्तर.)

फेनवेचा_फडके

कोब्राज 😂 दादर चौपाटीवर एक तरी मॅच ठेवा.

स्लो_पिच

मेरिटकाठचा, ओकलंडमध्ये आता काहीच उरलं नाही का? पुढच्या उन्हाळ्यात पोराला घेऊन तिकडे येतोय, एखादी मॅच दाखवायची होती.

मेरिटकाठचा

आहे की. ओकलंड बॉलर्स. २०२४ ला सुरू झाले, पायोनियर लीग, मेजर लीगच्या कुठल्या टीमची शाखा नाही. वेस्ट ओकलंडच्या रेमंडी पार्कवर खेळतात, चार हजारांच्या आसपास लोक मावतात, ड्रम बडवणारी मंडळी कोलिझियमवरून उठून तिथे आलीत. थोडे शेअर सामान्य फॅन्सना पण विकले, आणि २०२५ ला चँपियन झाले. मध्ये एका मॅचला मॅनेजरऐवजी एआयला निर्णय घ्यायला लावले होते, त्यावरून फॅन्सनी यथेच्छ शिव्या घातल्या, आणि ऐकून घ्यावं लागलं मालकांना.

सीझन मेच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. संध्याकाळी गार वारं सुटतं, पोराला जॅकेट घ्या. आणि मॅच टाय झाली तर उठू नका, एक्स्ट्रा इनिंग नसते, दोन्हीकडून एकेक बॅटर येतो आणि कोण जास्त होमरन मारतो त्यावर निकाल. आपल्या सुपर ओव्हरचाच प्रकार. तारीख ठरली की व्यनि करा, मी पण येतो.